शाळेचं राहिलेलं भांडण

गोटीला कुठल्या शाळेत घालायचं, हे भांडण तिच्या आईबापांनी ती पोटात असल्यापासून सुरू केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते संपवायची दोघांनाही अजिबात घाई नव्हती. काही घरांत संध्याकाळी रेडिओ लागतो, यांच्या घरात हे भांडण लागायचं.

बाप चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचा. पुढं मालक गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा चढवून आरसा दाखवायचा, आणि मागं हा काचा घासायचा, त्यांच्या कडा फ्रेमच्या मापाला आणायचा, अंगाखाली येऊन वाकलेल्या काड्या गरम करून सरळ करायचा. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत, आपणही तेच म्हणू. देवावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणजे देवाशी त्याचं काही वाकडं होतं असं नाही, त्या वाटेला तो कधी गेलाच नव्हता. बायको मात्र पक्की श्रद्धाळू. सुट्टीच्या सकाळी प्रार्थनाघर चुकवायची नाही, जेवणाआधी डोळे मिटल्याशिवाय घासाला हात लावायची नाही. आणि नोकरी काय, तर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर "हो साहेब, तुमचं बरोबर आहे साहेब" करून करून ती घरी यायची तेव्हा तिच्याजवळ एवढं भांडण साठलेलं असायचं की चपला काढायच्या आधीच तोंड सुरू.

"माझी पोरगी देवाच्या शाळेत जाणार," ती म्हणायची.

"माझी मोकळ्या शाळेत जाणार," हा म्हणायचा.

"मग दोन पोरी लागतील. दुसरी तू काढ."

असं चालायचं. देवाची शाळा म्हणजे प्रार्थनाघराच्या मागची, आणि मोकळी शाळा म्हणजे नव्या बागेजवळची, जिथं देवाचं नाव ना चांगल्यात ना वाईटात. दोघांनी दोन्ही शाळा बघून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकानं दुसऱ्याची शाळा दोष काढायच्या इराद्यानंच बघितली होती. चष्मेवाल्याला देवाच्या शाळेत दोष सापडला नाही, याचा त्याला भयंकर राग आला होता. तिथल्या बाई उपदेश करत नव्हत्या, मुलं सुरात गात होती. सकाळच्या प्रार्थनेत प्रत्येक मूल आपापल्या घरातल्या आजारी, लांब राहणाऱ्या आणि मेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घ्यायचं, नुसती नावं. एकानं तर हरवलेल्या मांजराचंही नाव घेतलं, आणि बाईंनी तेही चालवून घेतलं. नावं ठेवायला जागा म्हणून नाही. घरी येऊन त्यानं शेवटी एवढंच सांगितलं की तिथल्या खुर्च्या लहान आहेत. बायको हसून हसून पलंगावर पडली. अरे बाबा, बालवाडी आहे ती.

एक करार मात्र दोघांत झाला होता. शाळेचं ठरत नाही तोवर पोरीच्या कानात कोणी काही घालायचं नाही. तिनं देव आहे म्हणायचं नाही, यानं देव नाही म्हणायचं नाही. हा करार बायकोच्या धाकट्या बहिणीलाही लागू होता, कारण धाकटी मोठीपेक्षा चार पावलं पुढं. तिची दोन गल्ल्या पलीकडं लाँड्री होती आणि गोटी बराच वेळ तिथंच असायची, कपड्यांच्या गठ्ठ्यांत. चष्मेवाल्यानं मेव्हणीला बजावून ठेवलं होतं, "मला विचारल्याशिवाय पोरीला असलं काही सांगायचं नाही, आधीच सांगून ठेवतो." मेव्हणीनं तोंड वाकडं केलं, पण शब्द पाळला. ती शब्दाची पक्की बाई.

मग बायको आजारी पडली, आणि आजार असा की डॉक्टरांनाही दम घ्यायला सवड मिळाली नाही. गोटीला मावशीकडं ठेवलं. दवाखान्यात एका दुपारी बायको उशीवरून मान वळवून म्हणाली, "शाळेचं तू ठरव."

इतक्या वर्षांत तिनं त्याला सहजासहजी काही सोडलं नव्हतं. "मी कशाला ठरवू," तो म्हणाला, "बरी हो, मग भांडू की." तिनं हात नुसता असा हलवला, जसा ती घरी फोन वाजला तर हलवायची, नको आता. ती गेली.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, भांडण मिटलं, माणसानं आपल्या मनासारखी शाळा घ्यावी. तोच तर घोळ होता. समोरचा खेळाडू आलाच नाही म्हणून जिंकलेला डाव कोणाला गोड लागतो? चष्मेवाला चाकावर काच धरायचा, पाण्याची बारीक धार चालू असायची, आणि त्याच्या डोक्यात दोन्ही बाजू बोलत राहायच्या. आपली बाजू तर त्याला पाठच होती, पण तिचीही पाठ होती, आणि तिची जास्त चांगली होती. शाळेत नाव घालायचे दिवस जवळ येत चालले. आणि त्याच्या मनात एक वेगळीच भीती बसली होती, ती त्यानं कोणाला सांगितली नाही, कोणाला सांगणार. पोरीला देवाच्या शाळेत घातलं तर ती आईच्या बाजूला जाईल. तिला सांगतील, आई वर आहे, आई बघते आहे, आणि पोरीला ते पटेल, पटावंच. मग त्या घरात बायको एकट्या त्याच्यापुरतीच मेलेली राहील. आणि मोकळ्या शाळेत घातलं तर? तर पोरगीही त्याच्याइतकीच उघड्यावर. एवढ्याशा जिवाला सोबतीला ओढायचं, तेही असल्या जागी, हे त्याच्या मनाला पटेना.

गोटीनं आईबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मावशीकडून परत आली, घरभर एकदा फिरली, आईची उशी हुंगली आणि खेळायला बसली. चष्मेवाल्याला वाटलं, मेव्हणीनं सांगितलेलं दिसतंय. काय सांगितलं असेल ते ऐकायची त्याची छाती नव्हती. देव, स्वर्ग, पंख, काय काय. करार मोडला म्हणून भांडायचं तर आता कोणत्या तोंडानं भांडणार. त्यानं विचारलं नाही. मुलं विसरतात, असं शेजारणीनं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते घट्ट धरून ठेवलं होतं.

मोकळ्या शाळेत एक सकाळ मुलांना आणून बसवायचं असतं, शाळा मुलाला बघते आणि मूल शाळेला. चष्मेवाला गुडघे छातीशी घेऊन तिथल्या खुर्चीवर बसला. खुर्च्या इथंही लहानच होत्या, हे सांगायला त्याला त्या क्षणी बायको पाहिजे होती. भिंतीला ओला कापूस आणि त्यात रुजत घातलेल्या बिया. एका पाटीवर हसरे, रडके, रागावलेले चेहरे, मुलांनी सकाळी येऊन आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. गोटीनं बराच विचार करून झोपलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बाई तरुण होत्या, बाह्या वर सारलेल्या, हाताला रंग लागलेला. त्या मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावं तसं बोलत होत्या, आणि मुलंही त्यांना मोठ्या माणसांसारखी बेफिकीर उत्तरं देत होती. चष्मेवाल्याला जागा आवडली. मनातल्या मनात तो बायकोला म्हणाला, बघ. ती काही बोलली नाही.

मग खाऊची वेळ झाली. केळ्याचे काप आले. सगळी पोरं तुटून पडली. गोटी मात्र हातात काप धरून बसून राहिली.

"केळं आवडत नाही?" बाईंनी विचारलं.

"आवडतं."

"मग खा की."

"थांबायचं असतं," गोटी म्हणाली.

बाईंनी चष्मेवाल्याकडं समजूतदारपणे बघितलं. "घरी प्रार्थना करता वाटतं जेवणाआधी. चालेल की, आम्ही कोणाला अडवत नाही."

चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला. घरात प्रार्थना कुठली. बायको डोळे मिटायची तेव्हा हा घास हातात धरून थांबायचा, एवढंच. विश्वास नसला तरी रीत होती. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा हा आधीच खायला लागला होता, आणि तिनं एकच डोळा उघडून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं कानाला खडा लावला. ती गेली तरी थांबायची सवय काही गेली नाही. ताट पुढं आलं की हात आपोआप थांबायचा, तिची प्रार्थना संपावी तेवढा वेळ, आणि मग तो जेवायचा. पोरगीही थांबायची. त्याला वाटायचं, माझं बघून करते.

"नाही नाही, तसं काही नाही," तो बाईंना म्हणाला, "ते आपलं सहज."

"प्रार्थना नाही," गोटीनं बाईंना नीट समजावून सांगितलं. "आम्ही आईसाठी थांबतो. ती नाही आली की मग जेवतो."

"आई कुठं गेलीय?"

"दवाखान्यात."

बायको गेल्याचं चष्मेवाल्यानं आल्या आल्याच बाईंना सांगितलं होतं. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, आणि पलीकडं सांडलेलं पाणी पुसायला गेल्या. गोटीनं दाराकडं एकदा बघितलं आणि केळं तोंडात टाकलं. चष्मेवाला त्या खुर्चीवर तसाच बसून राहिला. उठायचं कसं हे त्याला सुचेना.

फाटकाशी बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "तिला कोणी सांगितलंच नाही का?"

"मावशीनं सांगितलं असेल," तो म्हणाला.

"असेल?"

पोरीला खांद्यावर टाकून तो तसाच लाँड्रीत गेला. मेव्हणी चादरींची घडी घालत होती. त्यानं गोटीला गठ्ठ्यांच्या मागं बसवलं, हातात हँगर दिले, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तू पोरीला तिच्या आईचं काय सांगितलंस?"

"मी?" मेव्हणी म्हणाली. "मी काय सांगणार? तुम्हीच म्हणाला होतात, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. मी गप्प बसले. जीभ चावून चावून गप्प बसले. ती झोपली की रडायचे, तिच्यासमोर नाही. मला वाटलं, तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगितलं असेल."

"मला वाटलं, तू तुझ्या."

दोघं त्या चादरीची दोन टोकं धरून एकमेकांकडं बघत राहिली. यानं देवाला घाबरून विचारलं नाही, आणि तिनं याला घाबरून देवाचं नाव काढलं नाही, आणि दोघांच्या मधे ती पोर ताटावर बसून रोज आईची वाट बघत होती. मला विचाराल तर दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं वाटतं. पण त्यांचे चेहरे बघितले असते तर तुमचाही हात उठला नसता.

"मी सांगू?" मेव्हणी म्हणाली. "पण मी सांगितलं तर माझ्या पद्धतीनं सांगेन, भाऊजी. मला दुसरी पद्धत येत नाही."

त्याला मोह झाला, का नाही होणार. पोरीला एक वरचं घर मिळालं असतं, खिडकीत उभी असलेली आई मिळाली असती, आणि याची सुटका झाली असती. पण गोटीनं विश्वास ठेवला होता तो याच्या थांबण्यावर. "नको," तो म्हणाला. "मी सांगतो."

दुकान बंद असतं त्या दिवशी तो तिला दुकानातच घेऊन गेला. घरात सांगायचं त्याला धाडस झालं नाही, तिथं उशी होती. मागच्या खोलीत त्यानं तिला टेबलावर बसवलं. नाकावर ठेवायच्या छोट्या पारदर्शक गाद्या एका डबीत असतात, त्या तिला खेळायला दिल्या, आणि आडवळण न घेता सांगितलं. आई आजारी होती. डॉक्टरांना ती बरी करता आली नाही. आई मेली. मेली म्हणजे ती आता परत येत नाही, आजही नाही आणि नंतरही नाही.

गोटी गाद्या टेबलावर मांडत होती. मांडता मांडता तिनं विचारलं, "कधी?"

"तू मावशीकडं होतीस तेव्हा."

तिनं मान वर केली. "मग तू थांबत का होतास?"

या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. स्वर्गाची केली होती, देवाची केली होती, दुखलं का तिला याची केली होती. "मला सवय आहे," तो म्हणाला.

"मला वाटलं तुला माहितीये," गोटी म्हणाली. "मला वाटलं, तुला माहितीये म्हणून थांबतोस." आणि मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि ती इतकी रडली की पुढच्या बंद शटरवर कोणीतरी थाप मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना. चष्मेवाल्यानं तिला पोटाशी धरलं. तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं, आणि मग त्याच्याच शर्टाला घट्ट धरून रडत राहिली. तोही रडला. रडताना आवाज काढायची त्याला सवय नव्हती, घशातून काहीतरी भलतंच निघालं.

त्या संध्याकाळी जेवायला बसले. याचा हात नेहमीप्रमाणे थांबला. गोटीनं दाराकडं बघितलं नाही. ताट पुढं येताच तिनं पावाचा तुकडा मोडला आणि खायला लागली, भूक लागली होती तिला, दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तिचं बरोबरच होतं. खरं सांगितल्यावर आणखी दुसरं काय व्हायचं? पण चष्मेवाला हातात घास धरून बसला होता आणि आता त्याच्याबरोबर कोणीही थांबत नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एकटे आहोत. आपण किती एकटे नव्हतो ते त्याला आता कळलं.

मोकळ्या शाळेत त्यानं नाव घातलं. पोरगी तिथं मनातलं बोलली होती, बाईंनी ते ऐकून घेतलं होतं, आणि त्याला स्वतःलाही शेवटी तीच शाळा पटत होती. बायकोची शाळा केवळ ती मेली म्हणून घ्यायची, हे तिलाही आवडलं नसतं. समोरच्यानं दया दाखवून हरलेलं तिला खपायचं नाही. हे सगळं मनात घोकत तो लाँड्रीकडं निघाला, कारण मेव्हणीला सांगणं भाग होतं, आणि ती आकाशपाताळ एक करणार होती. रस्ताभर तो उत्तरं जुळवत गेला. खूप दिवसांनी त्याच्या पायांना जरा वेग आला होता.

मेव्हणी इस्त्री करत होती. गोटी गठ्ठ्यांत झोपली होती.

"नाव घातलं," तो म्हणाला. "मोकळ्या शाळेत."

इस्त्री थांबली नाही. "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे, भाऊजी. मुलगी तुमची आहे. मी एकदा गप्प बसून चुकले, आता बोलून चुकायचं नाही मला."

चष्मेवाल्याचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत राहिले. "तुला काहीच म्हणायचं नाही?"

"ताई असती तर तिनं तुम्हाला सोलून काढलं असतं."

"मग सोल ना," तो म्हणाला. "मी सगळी उत्तरं घेऊन आलोय. एक तरी प्रश्न विचार."

मेव्हणीनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिला कळलं असावं, कारण तिनं इस्त्री उभी केली आणि कमरेवर हात ठेवले. "त्या शाळेत," ती म्हणाली, "संस्कार नाहीत."

"हे ती नसती म्हणाली. संस्कार शब्द ऐकला की तिला हसू यायचं."

"मग... देवाला काय वाटेल."

"छे. तिच्या देवाला काही वाटायचं नाही. चांगला होता तो."

मेव्हणी काउंटरमागच्या स्टुलावर बसली. "मला नाही येत तिच्यासारखं. असं करा, ताईचं तुम्ही बोला. तुमचं मी बोलते. तुमचं सोपं असतं."

हे म्हणजे पोरखेळ झाला, पण चष्मेवाला बसला. आधी त्याला जमेना. मग त्यानं चपला काढल्या, आणि काय झालं कोण जाणे, त्याच्या तोंडातून तिचाच वेग निघाला.

"बरं," तो म्हणाला. "बी कसं रुजतं ते शिकवतात, छान. मलाही आवडतं. पण तुझ्या शाळेत कोणी विचारलं, आई कुठंय, तर पोरगी काय सांगणार? मेली. बरोबर. खरंय. पण पुढं काय? खरं सांगून तू हात झटकलेस, पोरीनं त्या खऱ्याचं करायचं काय? माझ्या शाळेत निदान सकाळी मेलेल्या माणसांची नावं घेतात. मोठ्यानं घेतात. मांजराचंसुद्धा घेतात. तुझ्या शाळेत माझं नाव कोण घेणार?"

मेव्हणी गोंधळली. "घरी घेऊ," ती म्हणाली.

"घरी?" तो म्हणाला, आणि आवाज चढला. "घरी तर तू तोंडात गुळणी धरून बसतोस. मी गेल्यापासून पोरीसमोर एकदा तरी माझा विषय काढलास? नुसता घास धरून बसायचं आणि समजायचं की पोरीला सगळं कळतंय. देव नको म्हणालास, ठीक, मी ऐकलं. पण देवाच्या जागी तू काय ठेवलंस? मला तर घरातून पुसूनच टाकलंस की रे."

आणि तो थांबला. एवढं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. आपलीच जीभ आपल्याला असं काही ऐकवेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर कोणीतरी पावती दाखवत उभं होतं, तेही हळूच मागं सरकलं.

मेव्हणीनं गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्याला डोळे पुसले आणि अभ्रा परत धुवायच्या ढिगात टाकला. "आता तुमचं बोलते," ती म्हणाली. घसा साफ केला, त्याच्यासारखी मान खाली घातली. "शाळा मोकळीच राहील. पण घरात तुझा विषय काढीन. आजपासून काढीन. जेवताना, रोज, पोरगी कंटाळेपर्यंत." मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या वतीनं ताईला शब्द दिलाय मी. मोडू नका."

"नाही मोडत," चष्मेवाला म्हणाला.

संध्याकाळी जेवायला बसले. गोटी जेवायला लागली. चष्मेवाला पाणी प्यायला, परत प्यायला.

"तुझी आई," तो म्हणाला, आणि हे दोन शब्द त्या खोलीत इतक्या दिवसांनी उच्चारले गेले की गोटीनं चावायचं थांबवलं. "तुझी आई आणि मी, आम्ही खूप भांडायचो."

"मारामारी?"

"नाही. बोलून."

"कशावरून?"

"कशावरूनही. तुझी टोपी निळी घ्यायची की पिवळी. मीठ कमी पडलं की जास्त. खिडकी उघडायची की लावायची. सगळ्यात जास्त तुझ्या शाळेवरून. ती एका शाळेचं म्हणायची, मी दुसऱ्या. तू जन्मायच्या आधीपासून."

गोटीला हे फारच आवडलं. ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली. "मग कोण जिंकायचं?"

"ती."

"नेहमी?"

"जवळजवळ नेहमीच. मी जिंकायला आलो की ती हसायला लागायची, आणि मला पुढचं काही आठवायचं नाही."

तिनं ते मनात घोळवलं. आई हसते आहे आणि बाबाला काही आठवत नाहीये, हे तिला दिसलं असावं, कारण तीही जराशी हसली. चष्मेवाल्यानं ते हसू बघितलं आणि त्याला वाटलं की आता आपण बोलू शकू, निदान एवढं तरी जमेल.

"आणि शाळेच्या भांडणात?" गोटीनं विचारलं. "शाळेच्या भांडणात कोण जिंकलं?"

"मी," चष्मेवाला म्हणाला. "आता सगळ्यातच मी जिंकतो."

गोटीनं हातातला पाव ताटात ठेवला. "शाब्बास बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.